तळहातावर दोन

अप्पा पूजेला बसले की घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग, नजर त्याच्यावर, पंधरा-वीस मिनिटं. मागच्या वर्षी हीच पूजा तासावर गेली. आमच्या गावी, राजेश्वरला, घरी सगळ्यांना त्याचं कौतुक. मी माहेरी आले तेव्हा अप्पा उजव्या हातानं एक डोळा झाकून बसले होते.

पूजा संपताच मी विचारलं, "डोळा कामून झाकलाव?"

"उघडा ठेवला की दोन दिसायलेत," ते हळूच म्हणाले. "माझं मनच ठिकाणावर न्हाई. म्हणून जास्त बसायलोय."

महिनाभर हे चाललं होतं. मी तापटच, भडकले. "मनाला काय झालं न्हाई, डोळ्याला झालंय. सांगायला तोंड नव्हतं का?" मग एकेक कळत गेलं. त्याच बाजूच्या कपाळावर आधी मुंग्या चालायच्या, आता हात लावलेलाही कळत नव्हता. माझा थोरला भाऊ म्हणाला, वारं लागलं असंल, तेल चोळू. तेल गेलं खड्ड्यात म्हणत मी अप्पांना बीदरला नेलं.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्याआधी भुवईवरचा व्रण बघितला. तिथली कॅन्सरची गाठ दोन वर्षांपूर्वी काढली होती. जखम भरली आणि आम्ही विसरलो. स्कॅनमध्ये दिसलं की आजार कातडीखालच्या नसेतून वाट काढत डोळ्यामागं गेलाय. डोळा हलवणारी नस त्यानं दाबली, म्हणून दोन दिसत होते. हैदराबादच्या सर्जननी सांगितलं, डोळा मुळासकट काढावा लागेल, कापलेल्या नसेच्या टोकात आजार नसला तर जीव वाचेल.

मी रडले, भावावर ओरडले. अप्पांनी एवढंच विचारलं, "डोळा दिला तर मी ऱ्हातो न्हवं?"

"आशा आहे," सर्जन म्हणाले.

"मग काढा."

ऑपरेशन चालू असतानाच सर्जन बाहेर आले. डोळा काढला होता. नस मेंदूकडं वळते तिथपर्यंत ते कापत गेले, तरी टोकात आजार होताच. त्याच्यापुढं कापता येत नव्हतं. आता रेडिएशन देऊन बघू, म्हणाले, आणि माझ्याकडं न बघता आत गेले.

संध्याकाळी अप्पा शुद्धीवर आले. अर्धा चेहरा पट्टीत होता.

"समदं निघालं का?"

मी त्यांचं पांघरूण सारखं केलं.

"व्हय अप्पा. समदं निघालं."

"मग एका डोळ्याचं वाईट वाटून घेऊ नको," असं म्हणत ते माझाच हात थोपटत राहिले.