दोरावरची घोंगडी

कच्छमध्ये तळ हलवताना आमची जीप चिखलात रुतली. मागून आलेल्या एका प्रवासी जोडप्याने आपल्या गाडीला दोर जोडला. त्यांच्यातला नवरा त्यांच्या गाडीत बसला, माझी बायको आमच्या जीपमध्ये. त्या जोडप्यातल्या बाईंनी दोरावर जाड घोंगडी टाकली आणि मला लांब उभं केलं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"तुटला तर चाबकासारखा येतो. ह्यांचा एक डोळा त्यातच गेला."

गाडीने जोर लावला आणि दोर खरोखरच तुटला. घोंगडीच्या वजनाने तो वाटेतच पडला, मी आधी उभा होतो तिथून हातभर अलीकडे. तंबू, स्टोव्ह, पाणी आपण आठवून भरतो. काही वस्तू मात्र कुणाच्या तरी जखमेतून सामानात येतात. बाई दुसरा दोर सोडवत होत्या. मी चिखलातली घोंगडी उचलून त्यांच्याजवळ नेली.