अभिमनभाऊंचं अप-डाऊन

अभिमन सुरवाडे माझ्या शेजारच्या टेबलावर अकरा वर्षं बसले आणि त्यातली निदान पाच वर्षं मी त्यांच्यावर चिडून होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्यांचं कौतुक करायला लागलो की ते खरं वाटेल.

धुळ्याला आमचं पाटबंधारे खात्याचं ऑफिस होतं आणि आम्ही दोघं तिथे ट्रेसर. साहेबांनी पेन्सिलीने काढलेला कालवा आम्ही ट्रेसिंग कापडावर शाईने गिरवायचा, एवढंच काम. माझं घर ऑफिसपासून दोन गल्ल्या सोडून. दुपारी घरी जाऊन गरम भाकरी खाऊन परत यायचो. त्यामुळे घर कुठे घ्यावं हा माणसाला पडण्यासारखा प्रश्न आहे, हेच मला माहीत नव्हतं.

अभिमनभाऊंना तो पडला १९८४ साली. त्यांची बायको पुष्पाबाई जळगावजवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. मुलगी कुंदा आईजवळ, आईच्याच शाळेत. भाऊ धुळ्यात एका खोलीत राहायचे आणि शनिवारी संध्याकाळची बस पकडून तिकडे जायचे. हे चालून गेलं, कारण ती शाळा चौथीपर्यंत होती. कुंदा चौथी पास झाली, तीही पहिल्या नंबराने, आणि आता पाचवीला तिला घालायचं कुठे?

"वहिनींची बदली धुळ्याला करून घ्या," मी सल्ला दिला. सल्ला द्यायला मला फार आवडायचं.

"जिल्हा बदलला की नोकरी नव्याने सुरू, छगनभाऊ. दहा वर्षांची सेवाज्येष्ठता गेली. ती यादीत शेवटी जाईल."

"मग तुम्ही जळगावला जा."

"तिथे ट्रेसरची जागा रिकामी नाही. अर्ज देऊन ठेवलाय."

दुसरा कुणी कपाळाला हात लावून बसला असता. अभिमनभाऊंनी ट्रेसिंगचा तुकडा घेतला, धुळे-जळगाव रस्ता नकाशावरून उतरवून घेतला आणि पुष्पाबाईंच्या गावापासून आमच्या ऑफिसच्या फाटकापर्यंतचा बरोबर मधला बिंदू काढला. तो निघाला पारोळ्याच्या जरा पुढे, एका कपाशीच्या वावरात. "वावरात कसं राहणार?" मी विचारलं. त्यावर ते शांतपणे म्हणाले, नकाशावर अंतर कळतं, वेळ कळत नाही. वेळ प्रत्यक्ष मोजावा लागेल.

आणि खरोखर त्यांनी तो मोजला. एका रविवारी सकाळी सात वाजता ते धुळ्याहून बसमध्ये बसले आणि पुष्पाबाई कुंदाला घेऊन तिकडून बसल्या. जिथे गाठ पडेल तिथे घर. भाऊ पारोळ्याच्या स्टँडवर उतरून बाकावर बसले. मायलेकी आल्या पन्नास मिनिटांनी, कारण एरंडोलजवळ त्यांची बस पंक्चर झाली होती. पंक्चरची पन्नास मिनिटं वजा केल्यावर दोघांना सारखाच वेळ लागला, हे भाऊंनी सोमवारी मला फार आनंदाने सांगितलं. पारोळ्याला हायस्कूलही होतं. आठ दिवसांत बिऱ्हाड हललं.

तीन वर्षं ते तिथे राहिले. सकाळी आठला भाऊ धुळ्याकडे, साडेआठला पुष्पाबाई जळगावकडे. संध्याकाळी सात-साडेसातला दोघं दोन दिशांनी परत. शेजारी रुक्माबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या, किल्ली त्यांच्याकडे. कुंदा शाळेतून आली की त्यांच्या ओट्यावर दप्तर ठेवायची. भाऊ समाधानात होते. कुणाला जास्त त्रास नाही, कुणाला कमी नाही. ऑफिसात कुणाच्या घरात बदलीवरून भांडण झालं की ते आपला पारोळ्याचा दाखला द्यायचे, आणि माझं डोकं उठायचं.

कुंदा सातवीत असताना एका रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. शेवभाजी होती, सोबत ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी. पुष्पाबाईंच्या हाताला चव होती आणि आग्रह त्याहून तिखट. जेवण झाल्यावर भाऊंनी भिंतीवरचा एक कागद काढून माझ्यासमोर पसरला. तीन वर्षांचा तक्ता. तारीख, बसची वेळ, किती उशीर, घरी किती वाजता. एक रकाना त्यांचा, एक पुष्पाबाईंचा. खाली शाईने बेरीज.

"बघा, तीन वर्षांत दोघांच्या प्रवासात फरक किती? फक्त चार तास!"

मी खोटंखोटं वा म्हणालो. कुंदा भांडी उचलत होती. ती थांबली, तिने वाकून तक्त्याकडे पाहिलं आणि ती वडिलांना म्हणाली, "नाना, यात माझा रकाना कुठे आहे?"

"तुझा कशाला? तुझी शाळा तर पाच मिनिटांवर आहे."

"घरात कुणी नव्हतं त्या तासांचा."

ती रागावलेली नव्हती. तेच वाईट होतं. मग पुष्पाबाईंनी खालमानेने सांगितलं की मागच्या आठवड्यात शाळेच्या गॅदरिंगमध्ये कुंदाला बक्षीस मिळालं, पालकांनी वर यावं म्हणून पुकारा झाला आणि रुक्माबाई काठी टेकत स्टेजवर गेल्या. हेडमास्तरांनी माइकवर विचारलं, आजी का? तर रुक्माबाई म्हणाल्या, नाही, शेजारीण. सगळं सभागृह हसलं. कुंदाने ते तीन दिवस घरी सांगितलंच नव्हतं. रुक्माबाईंनीच सांगितलं.

भाऊंनी तक्ता गुंडाळला. कुठे ठेवावा ते त्यांना समजेना, म्हणून हातातच धरून बसले. मला त्या माणसाची फार कीव आली. अशा वेळी निघणं बरं, म्हणून मी चारची बस धरली.

जूनमध्ये त्यांनी जळगावला घर केलं. आता हिशेब एकच होता. चांगली मुलींची शाळा, तिच्याजवळ घर, पुष्पाबाई मुलीच्या आधी नाहीतर बरोबरीने घरी पोचल्या पाहिजेत, आणि उरेल तो सगळा प्रवास भाऊंचा. पुष्पाबाई भांडल्या. मी करते अप-डाऊन, तुम्ही थकाल, म्हणाल्या. भाऊ ऐकेनात. खोली शोधताना दोन ठिकाणी घरमालकाने आधी आडनाव विचारलं आणि मग त्याला एकदम आठवलं की खोली पुतण्यासाठी ठेवली आहे. भाऊ हे सांगताना हसायचे. मला हसू यायचं नाही. तिसऱ्या ठिकाणी एक निवृत्त पोस्टमास्तर भेटले. त्यांनी फक्त मुलगी कितवीत आहे एवढंच विचारलं आणि किल्ली दिली. घरात बसून शाळेची घंटा ऐकू यायची.

पण धुळ्याची बस जिथे थांबायची तो हायवेवरचा थांबा त्या घरापासून चांगला अर्ध्या तासाच्या चालीवर होता. पावणेसातला घर सोडायचं, सव्वासातची बस, पावणेदहाला धुळं. संध्याकाळी सहाची बस, घरी पोचायला नऊ. जेवताना ताटावरच डुलकी, असं पुष्पाबाई सांगायच्या. ऑफिसातही भाऊंचा डोळा लागायचा. एकदा तर कालव्याच्या ऐन वळणावर शाईचा हा एवढा डाग पडला. आणि आठवड्यातून एकदा तरी लेटमार्क. साहेब विचारायचे, का हो सुरवाडे? भाऊ म्हणायचे, बस चुकली. तीन लेटमार्कांना एक किरकोळ रजा कापली जायची. वर्षाच्या बारा रजा अशाच चालल्या होत्या. आता मात्र मी खरोखर चिडलो. या माणसाला स्वतःची काही किंमत आहे की नाही?

शेवटी मीच कामाला लागलो. माझ्या ओळखीचे झुलाल पाटील म्हणून होते. त्यांनी जळगावला हायवेला लागूनच, बरोबर त्या थांब्यासमोर चार खोल्या बांधल्या होत्या. मी त्यांना पत्र टाकलं. भाड्याने कोण राहणार, नाव काय, समाज कोणता, सगळं आधीच स्पष्ट लिहिलं, म्हणजे मग पुतणे उगवायला नकोत. त्यांचं उत्तर आलं, माणूस चांगला असला म्हणजे झालं, पाठवा.

हिवाळ्यातल्या एका रविवारी मी स्वतः जळगावला गेलो आणि तिघांना खोली दाखवायला घेऊन आलो. दोन खोल्या, नळ दारात, मागे बोळवजा अंगण. पुष्पाबाईंनी नळ सोडून पाहिला, धार बघून खूश झाल्या. कुंदा आता नववीत होती. इथून ती सायकलने शाळेत जाऊ शकली असती. मी बोट दाखवून म्हणालो, "तो बघा थांबा. भाऊंनी चहाचा कप खाली ठेवला की बस." सगळे हसले. कुंदा मात्र जरा उशिराने हसली. सकाळी सांगतो, असं भाऊ झुलालभाऊंना म्हणाले. मी मुक्कामाला भाऊंच्याच घरी राहिलो.

सकाळी पावणेसातला आम्ही निघालो. चांगलीच थंडी होती. भाऊंच्या गळ्यात मफलर, हातात डब्याची पिशवी. कुंदा सायकल घेऊन बरोबर. मला वाटलं, ती वडिलांना सायकलवर सोडत असेल. तर सायकलवर कुणी बसेचना. कुंदा ती हाताने ढकलत चालली होती आणि भाऊ तिच्या बाजूने.

"मग सायकल कशाला?" मी विचारलं.

"मला परत जाताना," कुंदा म्हणाली. "एकटीला चालायला कंटाळा येतो."

आणि ती बोलायला लागली. त्या पोरीच्या तोंडात इतकं बोलणं असेल हे मला पारोळ्यात कधी कळलं नव्हतं. वक्तृत्व स्पर्धेत कोण पुढे, भूमितीच्या बाई प्रमेय सांगताना कुठे अडल्या, मैत्रिणीशी अबोला का धरला आणि तो कसा सोडावा. भाऊ मधूनमधून विचारत होते. ती मैत्रीण काय म्हणाली मग? तू काय म्हणालीस? त्यांना वर्गातल्या प्रत्येक मुलीचं नाव माहीत होतं. ऑफिसात पेंगणारा तो माणूस इथे टक्क जागा होता.

आम्ही थांब्यावर पोचलो आणि दोनच मिनिटांत धुळ्याची बस आली. मी पिशवी उचलली. कुंदाचं अबोल्याचं प्रकरण अजून संपलं नव्हतं. कंडक्टरने दार उघडून भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी नुसता हात हलवला, जा म्हणून. कंडक्टरलाही त्यात काही नवल वाटलं नाही. बस गेली.

"अहो भाऊ!" मी ओरडलोच. "लेटमार्क लागेल!"

"मागे पावणेआठची आहे ना," ते म्हणाले आणि पुन्हा मुलीकडे वळले. "हं, मग?"

मी बाजूला जाऊन उभा राहिलो. बस चुकते कशी ते मला त्या दिवशी समजलं. मला रडू आलं असतं, पण रस्त्यावर माणसं होती. थोड्या वेळाने कुंदा सायकलवर बसून निघून गेली, वळणापर्यंत मागे बघत हात हलवत. तेव्हा भाऊ माझ्याकडे आले. ऑफिसात ते कधी गावाकडची बोली बोलायचे नाहीत. तिथे मात्र बोलले.

"खोली चांगली शे, छगनभाऊ. तुम्ही इतलं करं, त्यानी जाण शे माले. पन दारमाच थांबा राहिना ते मंग आम्ही बोलसूत कव्हय?"

दारातच थांबा असला तर बापलेकीने बोलायचं कधी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. समोर झुलालभाऊ दारात उभे राहून कडुनिंबाच्या काडीने दात घासत होते. मी रस्ता ओलांडून गेलो आणि सांगितलं की खोली नको.

त्यांनी काडी तोंडातून काढली. "का हो? भाडं जास्त वाटलं?"

"भाडं ठीक आहे."

"मग अडचण काय? थांबा तर दारात आहे!"

"हो," मी म्हणालो. "तीच अडचण आहे."