एका झटक्याचं इंजिन

झटकेरावांचं खरं नाव धक्क्यावर कुणाला विचाराल, तर लोक तुमच्या तोंडाकडे बघत राहतील. सकाळच्या पाळीची माणसं नदीपलीकडच्या कारखान्यात पोचवणारा हा होडीवाला. त्याच्या होडीचं इंजिन इतकं जुनं, की त्याचा मूळ रंग कोणता यावरही भांडणं व्हायची. पण कडाक्याच्या थंडीत बाकीचे होडीवाले दोऱ्या ओढून घामाघूम झालेले असताना हे महाशय यायचे, बाह्या सारायचे, दोरीला एक झटका द्यायचे आणि इंजिन फुर्र! वर सगळ्यांकडे अशी काही नजर टाकायचे, की एखाद्याने नदीतच ढकलून द्यावं.

"इंजिनाला मालकाचा हात कळतो," असं त्यांचं सांगणं. "चोक ओढायचा तो लेच्यापेच्यांनी. मी आजवर त्याला बोट लावलेलं नाही."

या शेवटच्या वाक्यात एक अक्षरही खोटं नव्हतं, हीच तर गंमत.

त्या हिवाळ्यात लेकीचं बाळंतपण आलं आणि बायको तिच्याकडे गेली. दुसऱ्याच सकाळी झटकेरावांनी झटका दिला. इंजिन ढिम्म. आणखी एक दिला. माणसं आधी हसली, मग घड्याळं बघायला लागली. झटकेरावांनी प्लग काढून पुसला, फुंकर मारली, परत बसवला. पेट्रोलला शिव्या घातल्या, पेट्रोल विकणाऱ्यालाही घातल्या. ऊन वर आल्यावर कुठे ते सुरू झालं, तोवर पाळी चुकली होती. पुढच्या दिवशी तीच कथा. तेव्हा कारखान्याचा मुकादम म्हणाला, "हे बघा, उद्या उशीर झाला तर आम्ही कायमचे त्या नव्या होडीने जाणार. तिला बटण आहे."

कायमचे! सकाळची फेरी गेली, तर उरणार काय? दुपारची चार म्हातारी माणसं आणि एखादी सायकल. झटकेरावांच्या तोंडचं पाणी पळालं. घरी येऊन त्यांनी बायकोला फोन लावला, तो खरं तर रडगाणं गायला.

"काय झालंय काही कळत नाही गं. प्लग बदलला, नळी बदलली..."

"चोक ओढलात?"

"चोक? मी?"

"अहो, मी रोज ओढते," ती म्हणाली.

"काय?"

"पहाटे बाकं पुसायला जाते ना, तेव्हा. नळीतला रबरी फुगा घट्ट होईपर्यंत दाबायचा, चोक पूर्ण ओढायचा, मग दोरी. गुरगुरलं की चोक हळूहळू आत. चांगलं तापलं की बंद करून मी घरी येते. तुम्ही जाता तेव्हा गरमच असतं. कुणीही झटका दिला तरी सुरू होईल."

"कुणीही?" झटकेरावांना तो एकच शब्द ऐकू आला होता.

"मिस्त्रीने विकताना सगळं सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा त्यालाच इंजिन शिकवत होतात."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"पहिल्या हिवाळ्यात चारचौघांत ते सुरू झालं नाही, तर तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत. तोंड हे एवढं! ते तोंड मला बघावं लागतं, धक्क्यावरच्यांना नाही."

लोकांदेखत चोक ओढायचा म्हणजे अब्रूच गेली. म्हणून दुसऱ्या दिवशी झटकेराव उजाडायच्या आत, चोरासारखे, धक्क्यावर गेले. तिथे चिटपाखरू नव्हतं. दोरी दवाने भिजून ताठ झालेली, लोखंडाला हात लावला की बोटं बधिर. बायकोने सांगितलं तसं सगळं केलं. इंजिन खोकलं, विझलं, पुन्हा खोकलं आणि एकदाचं धरलं. ते तापेपर्यंत हात काखेत घालून, दात वाजवत ते तिथेच बसले. याच वेळी आपण घरी गोधडीत घोरत असतो, हे त्यांच्या लक्षात आलं आणि मनापासून लाज वाटली. मग इंजिन बंद करून ते धक्क्यावरच्या शेडच्या मागे जाऊन उभे राहिले.

माणसं जमल्यावर घरून आल्यासारखे आले. एक झटका, आणि फुर्र!

"वा, झटकेराव!" मुकादम म्हणाला. "हात तो हातच!"

या वेळी कुणाकडे नजर न टाकता झटकेरावांनी होडी सोडली. फेरी झाल्यावर त्यांनी पुन्हा फोन लावला.

"झालं का सुरू?"

"एका झटक्यात."

"मग झालं तर. फेरी वाचली."

"वाचली." ते जरा घुटमळले. "त्या वेळेला धक्क्यावर थंडी फार असते गं."

"माहितीये मला," ती म्हणाली.