सगळेच कप चांगले

मुलगी मागायला मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो, तेव्हा माझ्या भावी सासऱ्यांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चहा आला. त्यांनी स्वतःचा कप तीन बोटांवर तोलून धरला, डोळे मिटले आणि नखाने कडेला एक टिचकी मारली. टिंऽऽऽग! तो आवाज पार विरेपर्यंत मान तिरकी करून ऐकला. मग न विचारता माझा कप उचलला. त्यालाही टिचकी. मग डोळे उघडून म्हणाले, "हं, दोन्ही चांगले आहेत. आता बोला." पुढची टिचकी माझ्या कपाळावर बसते की काय आणि बसलीच तर तिथून कसला आवाज निघणार, या काळजीने मी काय बोललो ते मला आजही आठवत नाही. लग्न झालं, त्या अर्थी फार वाईट वाजलो नसेन.

सगळा गाव त्यांना टिचकीमामा म्हणे. मीही मामाच म्हणू लागलो. कपबश्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं त्यांचं काम हेच: भट्टीतून निघालेला, चकाकी चढलेला कप हातात घ्यायचा आणि टिचकी मारायची. अखंड कप वाजतो आणि त्याच्या आवाजाची शेपटी लांबते. केसाएवढी चीर असली, तर ती डोळ्यांना दिसत नाही, पण कप 'बद्द' असा आवाज करून जागीच मरतो. वाजला तो उजव्या फळीवर, बद्द तो डाव्या टोपलीत. दिवसाला हजारभर कप. "डोळा फसतो, नाक फसतं, बायको तर फसवतेच," मामा सांगत, "पण कान फसत नाही."

कारखान्याबाहेरही बोट स्वस्थ बसत नसे. शेजारणी भांडी घ्यायला निघाल्या की मामांना सोबत नेत. कलिंगडवाला तर त्यांना लांबून पाहिलं की गाडी दुसऱ्या गल्लीत वळवायचा.

तर असा हा कानाचा माणूस. आणि त्यांच्याच कानात एका सुटीच्या सकाळी शिट्टी वाजू लागली.

"कुणी काय चालू ठेवलंय?" मामा ओरडत स्वयंपाकघरात आले. गॅस बंद होता. त्यांनी फ्रिजचं बटण बंद केलं. आवाज थांबेना. ट्यूबलाइटचा स्टार्टर काढला. पंखे बंद केले. वरच्या मजल्यावर जाऊन "तुमची पाण्याची मोटर बंद करा" म्हणून सांगितलं. वरच्या बाईंनी "आमच्याकडे मोटरच नाही" म्हटल्यावर "मग लावू नका" असं बजावून परत आले.

मामी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो, घरात काहीच वाजत नाहीये. मीसुद्धा गप्प आहे. आणखी किती शांतता हवी?"

मामा मोकळ्या मैदानापर्यंत जाऊन आले. आवाज बरोबर गेला आणि बरोबरच परत आला. दारात त्यांना कळलं की ही वस्तू घरातली नाही, आपल्याच डोक्यातली आहे. मामींनी विचारलं, "थांबला का तुमचा आवाज?" मामा म्हणाले, "थांबला." एकतीस वर्षं खऱ्याखोट्याची पारख करणारा माणूस त्या सकाळी पहिल्यांदा बद्द वाजला. फ्रिज मात्र बंदच राहिला होता. दूध नासलं.

पुढचं मी सांगतो ते जबाबदारीने सांगतो, कारण त्यात मी आहे. आठवड्याने मामा माझ्या मागे स्कूटरवर बसले. घरी सांगितलं होतं, चष्म्याची काडी घट्ट करायची आहे. आम्ही गेलो शहराच्या दुसऱ्या टोकाला, कानाच्या डॉक्टरकडे. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी कानात नळी घातली, डोक्यावर यंत्र चढवलं, बरंच काही वाजवून पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "आवाज बाहेरून येत नाहीये. कान आतून झिजलाय, म्हणून तो ऐकू येतो. वाढेलच असं नाही, पण जाईल असंही नाही. अगदी शांत खोलीत बसू नका, पंखा वगैरे चालू ठेवा. आणि त्याच्याशी भांडू नका. हळूहळू सवय होते."

"सवयीचं सोडा," मामा म्हणाले. "तो वाजतो कसा ते विचारा ना मला."

"कसा?"

"चांगल्या कपासारखा."

डॉक्टरीणबाईंना काही समजलं नाही. मला समजलं. म्हणजे टिचकी कुठेही मारा, कप बद्द असो की अखंड, मामांच्या कानात शेपटी लांबतच राहणार.

परत येताना ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जावईबापू, हे तुमच्या-माझ्यात." आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्याने आपल्याला आपलं मानलं, या आनंदात मी मान डोलावली. आनंदाला अक्कल नसते.

आता अक्का. मामांच्या पुढचं टेबल अक्कांचं. मामांच्या फळीवरचे कप पेंढ्यात गुंडाळून खोक्यात भरायचं काम त्या पंचवीस वर्षं करत होत्या. अंगाने काटकुळ्या, तोंडाने तिखट. पण हात असे की त्यांनी बांधलेलं खोकं डोंगरावरून लोटलं तरी आतली बशी जागी होणार नाही. दोघांचं दिवसभर चाले. "मामा, जरा हात उचला, मला इथे झोप येतेय." "झोपा की, तुम्ही जाग्या असलात की माझे कान किटतात."

दोन महिन्यांनी तक्रार आली. कुण्या हॉटेलने बारा डझन कप नेले होते. गरम चहा ओतला की एकेकाचं बूड तडकत होतं. मग दुसरी तक्रार आली, मग तिसरी. साहेब खाली उतरले आणि मामांच्या टेबलापाशी थांबून त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मामा, हे कसं?"

मामा म्हणाले, "माझ्या हातून गेले ते चांगलेच गेले. पुढे बांधताना काय होतं, ते मी कसं सांगू?"

एवढंच. दोन वाक्यं. पण एकतीस वर्षांच्या कानाचं वजन त्यांच्या मागे होतं. अक्कांना पॅकिंगवरून काढून अंगणात बसवलं, फुटका माल वेचायला. रंगीत तुकडे एका ढिगात, पांढरे दुसऱ्यात. मामांना वाटलं होतं, बाई आता कडाकडा भांडेल, आपल्या सात पिढ्या उद्धरेल. एवढं झालं असतं तरी बरं वाटलं असतं. पण अक्का जाता जाता म्हणाल्या, "तुमच्या कानाखालून गेलेला माल मामा, म्हणजे दोष माझ्याच हाताचा. दुसऱ्या कुणाचा असणार?"

हे मामांनी मला जिन्यात सांगितलं. मी टपाल कचेरीत पार्सलांच्या खिडकीवर बसतो. लोकांचं फुटकं सामान आणि फुटकी तोंडं रोज बघतो. मी म्हणालो, "वाटेतही फुटतात हो कप. आमच्याकडे तर काय, हमखास." मामांना हेच ऐकायचं होतं आणि मलाही हेच बोलायचं होतं. जावई आणि सासरा यांच्यात इतकं एकमत क्वचितच होतं. त्याची लाज मला आजही वाटते.

तीन आठवडे गेले. मामा दिवसभर टिचक्या मारत होते, आणि आता प्रत्येक कप उन्हात धरून डोळ्यांनीही बघत होते. काम मागे पडत होतं. घरी आले की पंखा लावून त्याखाली बसत. जेवताना मामी चार वेळा बोलल्या की एकदा "हं" म्हणत. मामींना वाटे, म्हातारपण आलं.

एका रविवारी दुपारी मी आणि माझी बायको तिकडे जेवायला गेलो होतो, आणि दारात अक्का उभ्या. काखेत रिकामं खोकं, एका हातात पेंढ्याची जुडी, दुसऱ्या हातात कापडी पिशवी.

"या, या. चहा टाकते," मामी म्हणाल्या.

"चहा नको. कामाला आलेय." अक्कांनी पिशवीतून सहा कप काढून टेबलावर मांडले. "हे माझ्या घरातले, रोजच्या वापराचे. मामा, आधी तुम्ही वाजवा. मग मी तुमच्यासमोर बांधते. मग खोकं खाली टाकते. मग परत वाजवा. माझे हात गेले असतील तर आज कळू दे. रात्रंदिवस हातांकडे बघत बसते मी. सुनेने परवा नातवाला माझ्याकडून काढून घेतलं. म्हणाली, 'द्या इकडे, पाडाल.'"

मामांनी एकेक कप उचलला. टिचकी. "चांगला." टिचकी. "चांगला." सहाही चांगले. कप कसा वाजतो ते कुणी ऐकतच नव्हतं, सगळ्यांचे कान मामांच्या निकालाकडे. मामांच्या मिशीवर घाम आला होता. मी टेबलावरच्या बशीकडे बघत होतो. बशीत काही नव्हतं.

अक्का बांधू लागल्या. पेंढ्याची वेणी घातली, तिचं घरटं केलं, कप पालथा ठेवला, बोटाने कोपरा चाचपून पुढचं घरटं. सगळं दोन मिनिटांत. मग खोकं टेबलाच्या उंचीवरून सरळ सोडून दिलं. धाडकन आवाज झाला. माझी बायको उडालीच. खोकं उघडलं. मामांनी पुन्हा सहा टिचक्या मारल्या. सहाही चांगले.

अक्कांनी आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले, जसे हरवलेले कुणी परत दिले असावेत. "म्हणजे आहेत माझे हात! मामी, आता टाका चहा. यातच टाका."

मामींनी कप विसळले. पण एकतीस वर्षं टिचकीवाल्याशी संसार केला की बायकोच्या नखालाही खोड लागते. विसळता विसळता त्यांनी चौथ्या कपाला टिचकी मारली आणि त्या थांबल्या. पुन्हा मारली.

"अहो, हा बद्द आहे."

"काहीतरीच काय! आण इकडे." मामांनी कप घेतला, मान तिरकी केली, टिचकी मारली. बद्द. मला ऐकू आलं, बायकोला आलं, अक्कांना आलं. मामा म्हणाले, "चांगला आहे."



अक्का हळूच खुर्चीवर टेकल्या. "म्हणजे मीच फोडला. आत्ता, तुमच्या डोळ्यांदेखत." मग अगदी मऊ आवाजात, जसा मी त्यांचा कधी ऐकला नव्हता, "मामा, माझं मन राखायला चांगला म्हणालात ना? नका करू असं. तुमच्या कानाला खोटं बोलायला लावू नका माझ्यासाठी."

शिव्या परवडतात, पण असला आदर माणसाला उभा चिरतो. मामा गप्प राहिले असते तर वाचलेच होते. माणूस दयाळू ठरत होता, आयता! मी, खरं सांगतो, मनात म्हणत होतो की राहा गप्प. मामांनी तो कप खिडकीपाशी नेला आणि उजेडात फिरवला.

"ही चीर आजची नाही," ते म्हणाले. "चहा मुरलाय तिच्यात, तांबडी पडलीय. तुम्ही बांधायच्या कितीतरी आधीची आहे. आणि आधीही मी हा चांगलाच म्हणालो होतो."

"मग?"

"मला सगळेच कप चांगले वाजतात, अक्का. तीन महिने झाले. कानात शिट्टी आहे. जात नाही, जाणारही नाही."

"तीन महिने?" मामी. "दूध नासवलंत तेव्हापासून? आणि डॉक्टरकडे नाही गेलात?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग मामींनी पाहिलं. मग माझ्या बायकोने. शेवटी अक्कांनी. चार माणसांच्या नजरेखाली आपल्या पायांची बोटं किती रोचक असतात, हे मला त्या दिवशी कळलं.

अक्कांनी फक्त एक विचारलं. "साहेबांसमोर तसं म्हणालात, तेव्हा ठाऊक होतं तुम्हाला?"

"शंका होती," मामा म्हणाले. मग मान हलवली. "नाही. शंका नाही. ठाऊक होतं."

अक्कांनी पाच कप पेंढ्यात गुंडाळले, खोकं काखेत मारलं. सहावा टेबलावरच ठेवला. "तो राहू दे तुमच्याकडे." आणि चहा न पिता गेल्या. मामींनी टाकलेला चहा पातेल्यातच निवला.

सोमवारी मामांनी मला स्कूटर काढायला लावली. साहेबांच्या खोलीत न जाता ते थेट पॅकिंगच्या दालनात उभे राहिले, साहेबांनाच तिथे बोलावून घेतलं आणि सगळ्या बायांसमोर सांगितलं. मी दाराशी होतो. मला वाटलं होतं कुणी तरी "जाऊ द्या हो मामा, होतं असं" म्हणेल. कुणी म्हणालं नाही. का म्हणावं?

साहेब म्हणाले, "आता तुम्हाला बसवू तरी कुठे?"

"अंगणात. अक्कांच्या जागी. तुकडे वेचायला डोळे पुरतात."

अक्का त्याच दिवशी पेंढ्यापाशी परत आल्या. टिचकीच्या टेबलावर आता चकाकीच्या खात्यातली एक मुलगी बसते. तिचं नख छान वाजतं म्हणतात. मामा अंगणात ऊन सरकेल तसं स्टूल सरकवत रंगीत आणि पांढरे तुकडे वेगळे करतात. शिट्टी आहेच. अंगणात यंत्रांची घरघर येते, त्यामुळे जरा कमी जाणवते, असं ते सांगतात. घरी कुणी कप पुढे केला की बोट सवयीने वर जातं, मग अर्ध्यावर थांबतं आणि टेबलाखाली जातं. तो सहावा कप ते स्वतःच वापरतात. चहा थेंब थेंब बशीत झिरपतो. मामी दुसरा देऊ करतात, ते घेत नाहीत. कलिंगडवाला मात्र पुन्हा गल्लीतून जाऊ लागला आहे.

अक्का जवळपास महिनाभर अंगणातून येता-जाता बोलल्या नाहीत. परवा मात्र मामांच्या स्टुलापाशी थांबल्या. हातात कान तुटलेला एक कप होता. तो त्यांनी मामांच्या टोपलीत टाकला.

"हा माझ्या हातून पडला," त्या म्हणाल्या. "पंचवीस वर्षांत पहिला." आणि गेल्या.

मामांनी हे मला सांगितलं तेव्हा मी उत्साहाने विचारलं, "पडला की पाडला? आणि तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? मान वर करायचा धीर झाला नाही. तो कप पांढऱ्या ढिगात टाकला."

त्यांच्या बशीत चहाचा एक थेंब पडला. आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो.