कारंज्याची आग आणि आम्ही जिनातल्या बाया

आम्हा जिनातल्या बायांचं एक वाईट आहे. बारसं असो की मयत, कुठंही दोघी भेटलो की इकडचं तिकडचं बोलून गाडी शेवटी आगीवरच येते. माझी सून एकदा वैतागून म्हणाली, "तुमाले दुसरं काई नाही का वो बोलाले?" आहे ना बाई! पण दुसरं आठवत नाही. कारंज्याची कापसाची पेठ जळाली, तेव्हा आम्ही तिथल्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होतो. एकेकीजवळ आगीच्या गोष्टींची ही मोठी गंजी साठली आहे. त्यातल्या चार-दोन काढून दाखवते.

*

जिनात ठिणगी रोजचीच. कापसात खडा आला, यंत्रात घासला, की उडालीच ठिणगी! आम्ही ती पायानं विझवायचो. तळपायाला कधीमधी फोड यायचा, तेवढंच.

त्या चैती दुपारी गंगूबाई ओरडली, "आग!" गंगूबाई आमच्यात सगळ्यांत मोठी. तिचा आवाज इंजिनाच्याही वर चढायचा. मुकादम खाटेवर बसून पान लावत होता. मान वर न करता म्हणाला, "रोजचीच असन. पाय दे तिच्यावर!"

"पाय देतो ना, मुकादम! पन छतावर कसा देऊ?"

मुकादमानं वर पाहिलं. पान हातातच राहिलं.

*

कापूस चोरीला जाऊ नये म्हणून सुटीच्या वेळी गेटवर आमची झडती व्हायची. तिथला पहारेकरी माणूस वाईट नव्हता. पण ड्यूटी म्हणजे ड्यूटी! मागं छताचे पत्रे तडतडत आहेत, आणि हा गेट अडवून उभा.

"झडती झाल्याबिगर कोनी भाईर जानार नाही! लाइन लावा!"

आणि आम्हीही कशा बघा, लाइन लावली! झडतीवाली एकेकीचं लुगडं चाचपू लागली. शेवटी गंगूबाईचं डोकं फिरलं. "अरे, झडती घ्याची त त्या आगीची घे! समदा कापूस तेच घेऊन चालली!"

तेव्हा कुठं त्यानं गेट सोडलं. धावता धावता आमच्यातलं कोणीतरी हसलंसुद्धा. पुढं जाऊन वळून पाहिलं, तर आमच्यातली चंद्रभागा दिसेना. ती लाइनीत शेवटची होती.

पहारेकरी वाचला. पण जिन नवीन बांधलं तरी कामावर आला नाही. देवळासमोर बसून राहायचा. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईला एकच सांगायचा, "जा माय, जा. थांबू नको."

*

इंझोरीचा नामदेव नावाचा एक शेतकरी त्या दिवशी कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, घेऊन जिनाच्या आवारात थांबला होता. बंडीतल्या कापसानं पेट घेतला. तो घोंगडीनं आग झोडपत होता, तेवढ्यात बैल बिथरले आणि पेटलेली बंडी ओढत जे सुटले, ते थेट आमच्या वस्तीत! आमची घरं तुराट्यांच्या कुडाची, त्यावर गवताचं छप्पर. एका घरावरून दुसऱ्यावर आग नुसती उड्या मारत गेली.

दुसऱ्या दिवशी नामदेव आमच्या राखेत आला. डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं आणि म्हणाला, "मारा मले."

माणसं उठलीच होती. पण ती बंडी पहिल्यांदा ज्या घरावर आदळली, ते घर गंगूबाईचं. ती माणसांच्या मधून पुढं आली. मग म्हणाली, "बैल वाचले का रे?"

"एक वाचला."

"कुठी हाय?"

"नाल्यापाशी बांधला."

"मंग इथी काय करून राह्यला? त्याले पानी पाज आधी!"

नामदेव तिथंच खाली बसला आणि लेकरासारखा रडला.

*

पेठेतल्या मोठ्या विहिरीवर आमच्या वस्तीनं चढायचं नाही, असा नेम. आम्ही घागर घेऊन खाली उभं राहायचं, कोणी वरून ओतेल तेवढं घ्यायचं.

आगीच्या दिवशी मात्र पेठेतले नाना स्वतः ओरडत होते, "या, या! चढा वर! काढा पाणी!" विहीर त्यांच्या वाड्याला लागून होती. गंगूबाई चढली. दिवस मावळेपर्यंत ओढत राहिली. तळहाताची सालटी निघून दोराला चिकटली. नानांचा वाडा वाचला.

आग विझल्यावर काही दिवसांनी आम्ही घागरी घेऊन गेलो, तर नाना विहिरीवर गोमूत्र शिंपडून घेत होते. दोर आधीच जाळून टाकला होता.

हाताला चिंध्या बांधलेली गंगूबाई खालूनच म्हणाली, "शिंपडा नाना, शिंपडा! पन पुढच्या टाइमाले आग लागली, त बोलावनं बी गायीलेच धाडा!"

वर कोणी हसलं नाही. खालीही नाही. त्या दिवशी आम्हाला पाणी कोणी ओतलं नाही.

*

आता सुंद्राचं सांगते.

सुंद्राची सासू अंथरुणाला खिळलेली, पण तोंड धडधाकट. भाकरी दिली की कच्ची, पाणी दिलं की गरम! रोज भांडण. गेटमधून सुटल्यावर आम्ही सगळ्या शेताकडे पळालो, सुंद्रा एकटी उलटी वस्तीकडे.

"कुठी चालली व?"

"आत्याबाई हाय ना घरात!"

वस्तीत धुरानं स्वतःचा हात दिसत नव्हता. घराला घर लागून. सुंद्रा आत शिरली, गोधडीसकट म्हातारीला पाठीवर घेतलं आणि निघाली. "आत्याबाई, घट्ट धरा. आत्याबाई, आलंच शेत." म्हातारी चकार शब्द बोलली नाही. सुंद्रा पुढं सांगायची, "मले वाटलं, जनमात पयल्यांदा सासू माह्यावर खुश झाली."

शेतात बाभळीखाली उतरवलं, गोधडी बाजूला केली. शेजारची राधाबुढी होती!

सुंद्रा तशीच परत धावली. आम्ही तिला धरून पाडलं. वस्तीच्या जागी तोवर काही उरलं नव्हतं.

राधाबुढीला कोणी नव्हतं. सुंद्रानं तिला ठेवून घेतलं. नव्या घरात सासूचं असावं तिथं तिचं अंथरूण घातलं, वर्षानुवर्षं तिचं सगळं केलं. वाकडा शब्द नाही, भांडण नाही.

एकदा मी सहज तिच्याकडे गेले होते. सुंद्रा बुढीचे केस विंचरत होती. विंचरता विंचरता तिनं विचारलं, "मावशे, त्या दिवशी मी रस्ताभर आत्याबाई, आत्याबाई म्हनून राह्यली होती. तुले आयकू येत होतं ना?"

"येत होतं."

"मंग काहून नाही सांगतलं, का मी तुही सासू नोहो म्हनून?"

बुढीनं मान वळवली नाही.

"सांगतलं असतं, त तू मले खाली ठेवलं असतं, माय."

सुंद्राची फणी थांबली. मग ती पुन्हा विंचरू लागली.