रेडकाचं नाव

आमच्या गल्लीच्या टोकाला, कळंब्याच्या रस्त्यावर, एका आजोबांच्या चार म्हशी आहेत. गेल्या वर्षी त्यांच्या गोठ्यात कॅमेरा आला. युद्धामुळे देश सोडावा लागलेल्या माणसांवर माहितीपट बनत होता. महायुद्धात पोलंडहून निघालेली कितीतरी कुटुंबं कोल्हापूरजवळच्या छावणीत राहिली होती. त्यांतली एक मुलगी, आता नव्वदीला टेकलेली, पुन्हा इथे आली होती.

आजोबा लहानपणी वडिलांबरोबर त्या छावणीत जायचे. म्हैस दारात न्यायची, समोर धार काढून द्यायची. मागून रेडकू.

दोघांना बाजल्यावर बसवलं आणि मध्ये दुभाषी म्हणून मला, कारण गल्लीत इंग्रजी शाळेतली मीच. एरवी मी रिक्षावाल्याला थांबा म्हणायलाही लाजते.

बाई वाटेत दगावलेल्या धाकट्या भावाबद्दल सांगत होत्या. सांगता सांगता गप्प झाल्या. तेवढ्यात आजोबा मोठ्यानं म्हणाले, "पोरी, हिला इचार की! आमच्या रेडकाला हिनं नाव ठेवलंतं. काय हुतं त्ये? मला काय केल्या आठवंना."

भावाच्या मरणानंतर लगेच रेडकू? मला कानकोंड्यासारखं झालं. मी इंग्रजीत म्हणाले, ते तुमची तब्येत विचारताहेत. बाई हसून 'बरी आहे' म्हणाल्या. आजोबा माझ्याकडे बघत राहिले. "आठवून सांगते म्हणाल्या," मी म्हणाले.

या वर्षी शाहूपुरीतल्या एका हॉलमध्ये तो माहितीपट दाखवला. आजोबा इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत. बाई पडद्यावर आल्या की मला कोपरानं ढोसायचे, "आता सांगंल बघ." शेवटी दिवे लागले.

"नाव काय सांगितलं न्हाय तिनं."

"कापलं असेल, आजोबा." माझं आणखी एक खोटं.

"छ्या! कापतील कशाला? इसरली असंल बिचारी. ती कुठनं कुठं गेली. मी जलमभर हितंच हाय, तरी इसरलोच की."

दुसऱ्या दिवशी मी दिग्दर्शकाला मेल लिहिला, सगळं खरं लिहिलं, बाईंना रेडकाचं नाव विचारायला सांगितलं. उत्तर आलं, बाई थंडीतच वारल्या.

आजोबांना मी अजून काहीच सांगितलेलं नाही. इंटरनेटवर बाईंच्या भाषेतली नावं शोधते. संध्याकाळी दूध आणायला गेले की पाच-सहा वाचून दाखवते, गोठ्यात, मोठ्यानं. पहिल्या दिवशी ते हसले, "ह्ये कसलं खूळ घेतलंयस?" आता हसत नाहीत. म्हशीच्या कुशीला डोकं टेकतात, धार थांबवतात आणि डोळे मिटून ऐकतात.

"हे?"

"न्हाय."

"मग हे?"

ते जरा वेळ थांबतात. मीही थांबते.

"न्हाय गं. फुडचं सांग."