बार्शीटाकळीचे गावंडे

किसनाजी गावंडे दव सुकल्याशिवाय कापसाला हात लावू देत नसत. अमेरिकेतल्या लढाईने भाव चढले तसा वऱ्हाडात जो तो पहाटेच वेचणीला धावू लागला. हे मात्र शेताच्या धुऱ्यावर खुशाल बसलेले. कोणी घाई केली की म्हणायचे, "ओला कापूस घरात नेऊ काहून? ऊन येऊनच राह्यलं ना."

मीही गावंडेच. नाते काही नाही, गावही वेगळे. पण अकोल्याच्या बाजारात आडनाव सांगितले की लोक उठून उभे राहत. "बार्शीटाकळीचे गावंडे का तुमी?" मी नाही म्हटले की पुन्हा बसत. घरी बायकोसुद्धा त्यांच्याच कापसाचे गोडवे गाई. माझा नुसता जळफळाट व्हायचा. माझी जमीन त्यांच्याहून कसदार, बैल देखणे. त्यांच्यात असे काय होते?

त्यांच्या कापसाचे बोरे दलाल न उघडता घेई. हा मान अमरावतीपर्यंत दुसऱ्या कोणाला नव्हता. एका हंगामात मी वजनासाठी कापसावर पाणी शिंपडले; तेव्हा बरेच जण शिंपडत. दलालाचा मुनीम नवा होता. नाव विचारले, मी "गावंडे" म्हणालो, आणि त्याने बोरे तसेच आत घेतले. गाव विचारले नाही, मीही सांगितले नाही. त्या दिवशी मी बाजारातून छाती काढून चाललो.

पंधरा दिवसांत तो कापूस तापून पिवळा पडला. दलालाने त्यातला मूठभर घेऊन भर बाजारात किसनाजींना अडवले. मी दहा हातांवर होतो. त्यांनी कापूस हुंगला आणि माझ्या तोंडाकडे पाहिले. त्यांना कळलेच.

"चूक माहीच झाली," ते दलालाला म्हणाले. "आता माहे बोरे उघडूनच घेत जा."

जाताना माझ्याजवळ थांबले. "भाऊ, तुमच्या पोरीची सोयरीक आमच्या गावात चालू हाय. बदनामी नको."

मुलीचे लग्न थाटात झाले. किसनाजी वारेपर्यंत दर हंगामात त्यांचे बोरे चारचौघांत तळापर्यंत उपसले जात. मी ते पाहत उभा असे आणि तोंड उघडत नसे. हेवा मात्र तेव्हाही गेला नाही, उलट वाढला. मान गेल्यावरही तो माणूस रात्री सुखाने झोपत असणार, आणि मला झोप येत नव्हती.